तानपुऱ्याआधीचा आवाज : रेडिओवरच्या शास्त्रीय संगीताच्या निवेदकांविषयी तुमचे अनुभव

या दिवाळीच्या आवराआवरीत वडिलांच्या कपाटात एक दोनशे पानी वही सापडली. रेडिओवर ऐकलेल्या गाण्या-वाजवण्याची त्यांनी पेन्सिलीने नोंद ठेवली आहे: तारीख, कलाकार, राग, ताल, बंदिशीचे बोल, साथीदार. समासात मात्र गाण्याबद्दल एक अक्षर नाही. तिथे निवेदकांना शेरे आहेत. ‘बाई स्वच्छ बोलतात.’ ‘घाई.’ ‘नायकी की कौशी? कळले नाही.’ (दोन्ही रागांची नावे.) त्यांचा निकष साधा असावा. रागाचे नाव घेतल्यावर ते लिहून होईपर्यंत निवेदक थांबतो की नाही, एवढेच ते पाहत.

चित्रपटगीते ऐकवणाऱ्या अमीन सयानींना घराघरांतून प्रेम मिळाले. शास्त्रीय संगीत सादर करणाऱ्यांची नावे मात्र आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाहीत, आणि तरीही त्यांचे आवाज कानात आहेत. माझे मत वडिलांसारखेच आहे: निवेदकाने आवश्यक ते नीट सांगावे आणि बाजूला व्हावे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर जरूर लिहावे.

सांगलीचे एक श्रोते, वय ७६

तुमच्या वडिलांशी मी सहमत आहे. ‘राग जौनपुरी, विलंबित (संथ) एकताल, द्रुत (जलद) तीनताल’ एवढ्या तीन तुकड्यांवर आमची पिढी रागांची नावे शिकली. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनिअमवर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला तीसेक वर्षे लागली, त्यामुळे लहानपणी निवेदकाच्या तोंडून साथीला बहुधा सारंगी किंवा व्हायोलिन एवढेच ऐकू येई. पुढे एकदा निवेदकाने अगदी सहज ‘हार्मोनिअमची साथ’ असे म्हटले, तेव्हा स्वतः पेटी वाजवणारे माझे थोरले बंधू दाढी अर्धवट टाकून रेडिओजवळ येऊन बसले होते.

एका वाक्यावर मात्र माझा आजही राग आहे. द्रुत ऐन रंगात आलेले असते, तान समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघालेली असते आणि तेवढ्यात आवाज येतो: ‘वेळेअभावी हे गायन आपल्याला इथेच थांबवावे लागत आहे.’ सम तरी येऊ द्यायची होती!

नागपूरहून

शनिवारी रात्री होणारा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि आमच्या घरात तो जवळजवळ व्रतासारखा ऐकला जाई. दिल्लीहून होणारे निवेदन हिंदीत आणि पाठोपाठ इंग्रजीत असे. वडील पहिल्या वेळी ऐकत आणि दुसऱ्या वेळी पडताळत. कर्नाटक संगीताची ओळख आम्हाला या निवेदनांमुळेच झाली. मृदंगम्, घटम्, आदि ताल, त्यागराजांची रचना हे शब्द आधी कानावर आले आणि अर्थ पुष्कळ नंतर कळले. हिंडोलम् म्हणजे आपला मालकंस आणि मोहनम् म्हणजे आपला भूप, हे मात्र निवेदकाने सांगितले नाही. ते आईने स्वयंपाकघरातून ऐकून ओळखले.

पुण्याची एक श्रोती, वय ३८

मला हे पटत नाही. ज्याला आधीच कळते त्याला तीन तुकडे पुरतात. माझ्यासारखीच्या घरात गाणे नव्हते. ‘विलंबित एकताल’ हे शब्द ऐकून मला एवढेच समजे की आता बराच वेळ काहीही घडणार नाही. मला आत घेतले ते विविध भारतीच्या ‘संगीत सरिता’ने. त्यात कलाकार स्वतः रागाचे चलन (स्वरांची चाल) गाऊन दाखवत, निवेदक मधूनच एखादा भाबडा प्रश्न विचारे आणि शेवटी त्याच रागातले चित्रपटगीत लागे. तो प्रश्न माझा असे. जाणकारांना तो बाळबोध वाटला असेल, परंतु मी आज मैफलीत जाऊन बसते ती त्या प्रश्नांमुळे.

कऱ्हाडहून

निवेदनातल्या चुकीचा एक प्रसंग सांगतो. केंद्राचे नाव सांगत नाही. सकाळी साडेसातच्या सुमारास निवेदकाने ‘राग भूप’ असे जाहीर केले. सासऱ्यांनी चहाची बशी तोंडाशी नेलेली तशीच खाली ठेवली. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच. पण भूप गंधारावर उभा राहतो आणि रात्रीचा, तर देसकार धैवतावर आणि सकाळचा. गायकाने पहिला आलाप धैवतावर ठेवताच सासरे म्हणाले, “गाणारा बरोबर आहे, सांगणारा चुकला.” त्यांनी पोस्टकार्ड टाकले. तीन आठवड्यांनी पत्रोत्तरांच्या कार्यक्रमात ते वाचून दाखवण्यात आले आणि चूक सरळ मान्य करण्यात आली. त्यानंतर तो निवेदक त्यांना घरातल्या माणसासारखा वाटू लागला, हे विशेष.

एक निवृत्त नैमित्तिक निवेदिका

सांगलीकरांना उत्तर देणे भाग आहे. ‘वेळेअभावी’ हे वाक्य मी स्वतः अनेकदा बोलले आहे आणि प्रत्येक वेळी जिभेवर खडा आल्यासारखे वाटले आहे. बातम्या दुसऱ्या केंद्रावरून सहक्षेपित होत असल्या की त्या ठरल्या सेकंदाला सुरू होतात. आमच्याकडची सम त्यांना दिसत नाही. थेट प्रसारण असले तर काचेपलीकडून कलाकाराला बोटे दाखवता येत: पाच मिनिटे, दोन, एक. अनुभवी कलाकार डोळे न उघडता अंदाजाने तिहाई (तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा) घेत. ध्वनिमुद्रणाला बोटे दाखवून उपयोग नसतो. तिथे हातात फक्त फेडर (आवाज कमी-जास्त करायचा खटका), आणि तो किती हळू खाली आणावा एवढेच आपल्या हाती उरते.

पहिल्या आठवड्यात मी घोषणा संपवली, मग टेप सुरू केली. मध्ये अडीच-तीन सेकंदांची पोकळी राहिली. ड्यूटी ऑफिसर रागावले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून दाखवले: टेप आधीच सुरू करायची, तानपुरा अगदी पुसट वर आणायचा, आपले शेवटचे वाक्य त्याच्यावर ठेवायचे आणि ‘तीनताल’ या शब्दाच्या ‘ल’बरोबर फेडर पूर्ण उघडायचा. त्यासाठी आपला आवाजही तानपुऱ्याच्या षड्जाशी भांडणार नाही अशा पट्टीत लावावा लागतो. हे कुठल्याही पुस्तकात नव्हते.

पुण्याच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, पण आमच्यापुढच्या कागदावर जेवढे लिहिलेले असे त्याबाहेर बोलण्याची मुभा नसे. अप्रसिद्ध रागाचे नाव मी चोरून दोनदा सांगत असे, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. त्या वहीत एखाद्या रविवारच्या सकाळपुढे ‘घाई’ लिहिलेले असेल तर ती मी असण्याची शक्यता आहे.

मडगावहून, थोडक्यात

आजी कुर्डी गावची. ते गाव साळावली धरणात गेले. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे ध्वनिमुद्रण लागायचे तेव्हा निवेदिका ‘कुर्डीकर’ हे आडनाव सावकाश आणि स्पष्ट उच्चारी. आजीला रागाचे नाव नको असे. तेवढे आडनाव ऐकून ती कामाला लागे.

लंडनहून

येथे बीबीसीची रेडिओ थ्री ही वाहिनी १९६७ पासून पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकवते, आणि १९९२ मध्ये क्लासिक एफएम आल्यापासून निवेदकांनी किती गप्पा माराव्यात हा येथील श्रोत्यांचा आवडता वाद आहे. माझ्या शेजारच्या आजोबांना सकाळच्या निवेदकांनी श्रोत्यांचे निरोप वाचून दाखवलेले मुळीच खपत नाहीत. मला खपतात, पण माझे निरीक्षण वेगळे आहे. येथील निवेदक रचनेचे साल, त्या वेळचे संगीतकाराचे वय, पहिला प्रयोग कुठे झाला हे सगळे सांगू शकतो, कारण ते कागदावर आहे. आपल्या कितीतरी बंदिशींचे साल कोण सांगणार? शिवाय पुढच्या अर्ध्या तासात गायक काय करणार हे निवेदकाला काय, गायकालाही पुरते ठाऊक नसते. आपली निवेदने त्रोटक असतात यामागे सरकारी शिस्त आहेच, पण हेही एक कारण असावे.

मेलबर्नहून

आकाशवाणीची ‘रागम्’ वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली आणि ॲपमुळे ती इथेही ऐकू येते. भारतातली पहाट माझ्याकडे कामाच्या मध्यावर येते, त्यामुळे भैरव ऐकत मी डबा खातो. निवेदकाने ‘सुप्रभात’ म्हटले की समोर बसलेला सहकारी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहतो.

धागाकर्त्याकडून

निवेदिका ताईंसाठी वही पुन्हा चाळली. रविवार सकाळच्या नोंदींत ‘घाई’ दोनदा आहे. त्यानंतर चार पानांनी खट रागाची एक नोंद अशी: ‘खट. झपताल. नाव शेवटी परत सांगितले. आधी षट् लिहिले होते, खोडले.’

खोडल्याची खूण अजून दिसते.