मदत हवी आहे: कामगार कमी करताना राजीनामा घेतला तर त्याचा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) बेकारी भत्ता जातो का?

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, पंपाच्या कास्टिंगचं जॉबवर्क करतो. मी सोडून अकरा माणसं. दिवाळीपासून एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम निम्म्यावर आलंय, दोनपैकी एक व्हीएमसी (कास्टिंग घडवायचं संगणकावर चालणारं मशीन) झाकून ठेवलंय. दोघांना कमी केल्याशिवाय इलाज नाही.

त्यातला एक सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे, पगार १५,०००. दरमहा माझे ४८७.५० आणि त्याचे ११२.५० असे सहाशे रुपये त्याच्या नावावर ईएसआयत जातात. पंधरा तारीख कधी चुकवलेली नाही.

अकाउंटंट म्हणतात, दोघांकडून राजीनामा लिहून घ्या, नंतर कटकट नको. मसुदाही पाठवलाय: 'घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे.' अडचण त्याच्या घरी नाही, माझ्या शॉपमध्ये आहे. कागद दोन दिवस टेबलावर पडून आहे, त्याच्यापुढे ठेवायला हात होत नाही.

काम गेलं तर ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत भत्ता मिळतो असं कळलं. या कागदामुळे तो बुडेल का? भत्त्याचा बोजा माझ्यावर येतो का? आणि नऊच माणसं उरली तर माझं ईएसआय सुटतं का?

प्रतिसाद १
दादा, तो कागद आधी फाडा. शिस्तभंगाने काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्तीवाल्याला हा भत्ता नाही, त्यामुळे 'स्वखुशीने' हा एक शब्द त्याच्या आड येईल. ईएसआयच्या पोर्टलवर काम सुटल्याचं कारणही अकाउंटंटला खरं तेच भरायला सांगा. बोजा तुमच्यावर नाही, हप्ता तोच ३.२५ टक्के, पैसे ईएसआय देतं. त्याची दोन वर्षं भरलेली हवीत आणि शेवटच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांचा हप्ता. भत्ता सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मा, जास्तीत जास्त ९० दिवस. हा रोजचा पगार काढताना दोन वर्षांच्या पगाराला ७३० ने भागतात, म्हणजे त्याला साधारण २२ हजार. आयुष्यात एकदाच मिळतं. काम सुटल्यावर ३० दिवसांनी त्याने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा.
दहाच्या खाली आलात तरी ईएसआय सुटत नाही.
पण महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय सहा वर्षांची ९० दिवसांच्या पगाराइतकी भरपाई आणि ग्रॅच्युइटी तुम्हालाच द्यावी लागेल. छोट्या धंद्याला जड जातं ते हेच.

प्रतिसाद २
मीही असाच कागद सही करून दिला होता. पुढचे तीन महिने उसनवारीवर काढले. नका घेऊ.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. कागद फाडला. दोघांना उद्या सकाळी चहाला बोलावलंय, नोटीस देऊन खरं कारण समोरासमोर सांगणार आहे. भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळून लाखाच्या आसपास जाते. हातात एकरकमी एवढे नाहीत. कामगाराची लेखी संमती घेऊन ग्रॅच्युइटी दोन हप्त्यांत दिलेली चालते का? कुणी तसं केलं असेल तर जरूर सांगा.