युद्धाची उधारी: तुमच्या घरी कशी आली?

परवा जुन्या बातम्या चाळताना एक वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, आणि त्या युद्धाचं शेवटचं पेन्शन चालू होतं २०२० पर्यंत! महिना ७३ डॉलर १३ सेंट. घेणारी बाई त्या युद्धातल्या एका सैनिकाची मुलगी, बापाला ऐंशी उलटल्यावर झालेली, ती मे २०२० मधे गेली तेव्हा कुठे ते खातं बंद झालं. चार वर्षांचं युद्ध आणि उधारी दीडशे वर्षांची. ब्रिटनने पण पहिल्या महायुद्धासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचे शेवटचे पैसे २०१५ मधे दिलेत, म्हणजे आत्ता आत्ता.

आमच्या घरातलं सांगते. आजीचा भाऊ दुसऱ्या महायुद्धात भरती झाला तो देशासाठी वगैरे नाही, सावकाराचं देणं होतं म्हणून. पगाराची मनीऑर्डर यायची ती परस्पर सावकाराकडे जायची. तो इटलीत लढताना मारला गेला, १९४४ ला. नंतर जे काही पैसे आले तेही तिकडेच गेले. आजी म्हणायची, आमच्याकडे त्याचा फोटोसुद्धा नाही पण सावकाराच्या वहीत त्याचं नाव नीट लिहिलेलं होतं.

तर असे अनुभव हवेत. स्वतःचे किंवा अगदी जवळच्यांचे. कोण बरोबर कोण चूक, कुठला पक्ष, ते इथे नको प्लीज, त्याला बाकी सगळी जागा आहे.

*

मर्चंट नेव्हीत आहे, सेकंड इंजिनियर. युद्धाशी माझा काय संबंध असं मलाही वाटायचं, नोव्हेंबर २०२३ पर्यंत. मग हूथींनी, म्हणजे येमेनमधल्या बंडखोरांनी, तांबड्या समुद्रात जहाजं धरायला आणि उडवायला सुरुवात केली. पहिल्यांदा पकडलेल्या जहाजावरचे २५ जण सुटले जानेवारी २०२५ मधे, चौदा महिने, कुणाच्या बाजूचे ना कुणाच्या विरोधातले, नोकरी करायला गेलेले लोक.

आमची कंपनी सुरुवातीला केप ऑफ गुड होपवरून वळसा घालत होती. त्यात दहा ते चौदा दिवस जास्त जातात, तेल जळतं. मग एका ट्रिपला ठरलं की बाब अल मंदेबमधूनच, म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या चिंचोळ्या वाटेनेच जायचं. नियमाने आम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे, वॉरलाईक एरिया (युद्धासारखा धोका असलेला भाग) डिक्लेअर झालेला असतो, तितक्या दिवसांचा बेसिक पगार डबल मिळतो आणि मेलो तर भरपाई पण डबल. कागद आला सह्यांना. कुणी जबरदस्ती केली नाही हे खरं आहे. पण पुढचं काँट्रॅक्ट कोण देणार हा प्रश्न त्या कागदावर कुठे लिहिलेला नसतो, तो सगळ्यांना वाचता येतो. सही केली. घराचा हप्ता होता, खोटं कशाला बोलू.

आता गंमत ऐका (गंमत कसली). सोमाली चाच्यांपासून वाचायला जहाजावर सिटाडेल असते, म्हणजे सगळ्यांनी आत कोंडून घ्यायची सुरक्षित जागा, ती बऱ्याच जहाजांवर खाली इंजिनकडेच असते. चाच्यांना शिडी लावून वर चढायचं असतं त्यामुळे ते ठीक आहे. मिसाईलला शिडी लागत नाही. मार्च २०२४ मधे एडनच्या आखातात एका जहाजावर मिसाईल पडून तीन खलाशी गेले, त्यानंतर आमच्या मेसमधे दोन दिवस टीव्ही कुणी लावला नव्हता. आणि माझी ड्यूटी तर खालीच. चोवीस तास दिवे बंद, डेकवर कुणी जायचं नाही, मी इंजिन कंट्रोल रूममधे बसून गेज बघतोय आणि मनात हिशोब की पत्रा किती जाडीचा आहे.

आईने फोनवर ते जहाजं दिसायचं ॲप घेतलंय. माझं जहाज म्हणजे एक ठिपका, ती रोज बघते, तिला भूगोल माझ्यापेक्षा जास्त येतो आता. पण त्या भागात आम्ही एआयएस, म्हणजे जहाज कुठे आहे ते कळवत राहणारं यंत्र, बंद ठेवलं, म्हणजे ठिपका गायब. मला तिला आधी सांगता आलं नाही कारण रूट कुणाला सांगायचा नाही असा आदेश. एकोणतीस तास. ती काही बोलली नाही नंतर, फक्त विचारलं की परत असं होणार असेल तर निदान "झोपतोय" असा मेसेज टाकशील का.

त्या वर्षी कंटेनरचे दर कुठल्या कुठे गेले. मोठ्या शिपिंग कंपन्यांना वळसा पण लाभला, जहाजं जास्त दिवस अडकली की जागा कमी पडते आणि भाडं वाढतं. वाईट वाटून घेत नाही, धंदा आहे. पण नोंद असावी म्हणून सांगतो.

*

एकोणतीस तास वाचून अंगावर काटा आला. माझा मुलगा पण त्याच लाईनला आहे. बाकी काही लिहीत नाही.

*

माझ्या बाबांची गोष्ट. कुवेत, १९९०. अकरा वर्षं तिथे नोकरी. २ ऑगस्टला सकाळी उठले तर रस्त्यावर इराकचे रणगाडे. बँक बंद, आणि थोड्याच दिवसांत कुवेती दिनारची किंमत कागदाइतकी. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, तंबूत दिवस काढले आणि अम्मानहून विमान. जवळपास पावणेदोन लाख भारतीयांना तेव्हा आणलं, त्याचं कौतुक होतं ते रास्तच आहे. पण विमानातून उतरल्यावरचं कुणी विचारत नाही. बाबा ४४ वर्षांचे, हातात एक बॅग, आणि ज्या नातेवाईकांना दरवर्षी घड्याळं, टेपरेकॉर्डर आणून दिले त्यांच्याकडे राहायचं. त्यातल्या एका काकूने सोन्याची साखळी आपणहून परत आणून दिली, बाकीच्यांचं जाऊ दे.

मग संयुक्त राष्ट्रांचा नुकसानभरपाई आयोग निघाला. बाबांनी फॉर्म भरला, बरीच वर्षं काही नाही, मग पैसे आले, थोडे पण आले. आम्ही खूष. ते पैसे कुठून आले हे मला खूप नंतर समजलं. इराकच्या तेलाच्या विक्रीतून ठराविक टक्के कापून घेत होते. म्हणजे निर्बंधांमुळे औषधाला महाग झालेल्या देशाच्या तेलातून. आयोगाने एकूण ५२ अब्ज डॉलरच्या वर वाटले आणि शेवटचा हप्ता गेला जानेवारी २०२२ मधे. सद्दामला फाशी होऊनच तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. २००० नंतर जन्मलेल्या इराकी पोरांनी पण माझ्या बाबांसारख्यांचे पैसे फेडले. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग मी काय परत करू का? आणि मग बराच वेळ गप्प. मी उगाच सांगितलं असं वाटलं.

*

सरकारी हिशेब खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. कुठल्या ते विचारू नका. आमच्या खात्यातला सगळ्यात विनोदी शब्द म्हणजे "बचत". एखाद्या हॉस्पिटलच्या यंत्रासाठी तरतूद झाली, पण मंजुरी वेळेत आली नाही, पैसे पडून राहिले, की वर्षअखेरीला कागदावर ती बचत दिसते. लस ठेवायचा फ्रीज आला नाही, बचत. नर्सच्या जागा भरल्या नाहीत, बचत. मग ती बचत पुनर्विनियोजन करून दुसऱ्या शीर्षाखाली वळती करायची, टिपणी मी स्वतः लिहिलेल्या आहेत, अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडेच यायच्या.

एका वर्षी सीमेवर तणाव होता. तातडीच्या खरेदीची फाईल सकाळी आली ती संध्याकाळपर्यंत पाच टेबलं फिरून सही होऊन गेली, कुणी एक क्वेरी काढली नाही. त्याच कपाटात एका मुलांच्या वॉर्डाच्या ऑक्सिजन लाईनची फाईल तिसऱ्या वर्षात होती, तिच्यावर सतरा क्वेऱ्या, त्यातल्या दोन माझ्या. मला संरक्षण नको असं म्हणायचं नाहीये, माझा भाचा सैन्यात आहे. पण घाई कुणासाठी होते आणि शंका कुणावर घेतली जाते ते मी बसल्या जागेवरून बघितलंय. भीतीची फाईल कुणी अडवत नाही, उद्या काही झालं तर तुमच्यामुळे झालं म्हणतील ना. वॉर्डात मूल गेलं तर ते कुणामुळे गेलं हे फाईलवर येतच नाही.

त्या दोन क्वेऱ्या नियमाप्रमाणे बरोबर होत्या. तरी आठवतात.

*

वरच्या ताईंना नमस्कार. फक्त एक विचारतो, मग करायचं काय? युक्रेनने १९९४ मधे बुडापेस्टला करार करून अण्वस्त्रं देऊन टाकली, सीमांचं आश्वासन कागदावर घेतलं, त्या कागदाचं काय झालं सगळ्यांनी बघितलं. कोस्टारिकाने १९४८ ला सैन्य बरखास्त केलं हे उदाहरण नेहमी देतात, पण सगळ्यांचा शेजार तसा नसतो. मी स्वतः नोकरीत होतो. नीट बूट नसताना उंचीवर उभं राहिलोय, थंडीने एका जोडीदाराची बोटं गेली. खर्च जास्त होतो म्हणता तर तो बुटापर्यंत का पोचत नाही हे पण विचारा. माझ्या कानात तेव्हापासून एक शिटी वाजते, तोफेजवळ होतो. रात्री शांत झालं की वाढते म्हणून थंडीत पण पंखा लावून झोपतो, बायको दोन रजया घेते, वीस वर्षं झाली, बिचारी. मेडिकल बोर्डाने टक्केवारी ठरवली त्यात कान बसला नाही.

*

(धागाकर्ती: दादा, हा अनुभव हवाच होता. विरोधी मत पण चालेल. बूट का पोचत नाही हा प्रश्न मला तर बाकीच्यांच्या प्रश्नातलाच वाटतो.)

*

मी त्या बाजूने लिहितो जिथून कुणी लिहीत नाही. नऊ वर्षं एका कारखान्यात क्वालिटीला होतो. आम्ही कनेक्टर बनवायचो, बोटाच्या पेराएवढे. कशात बसतात ते माहीत असायचं आणि नसायचं. एंड यूजर सर्टिफिकेट असतं, माल शेवटी कोण वापरणार त्याचा कागद, तो फाईलला लागला की आपलं काम संपलं. आमच्याकडे भांडण कशावर व्हायचं तर प्लेटिंग किती मायक्रॉन. रिजेक्शन रेट मी खूप खाली आणला होता, त्याबद्दल बक्षीस पण मिळालं. एका रात्री बातम्यांत पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून काढलेला तुकडा दाखवत होते, त्याला वायर लोंबत होती आणि टोकाला कनेक्टर. आमचा होता का? नसेलही, तसे शंभर जण बनवतात. पण मी झूम करून लॉट नंबर शोधत होतो.

सोडलं का? लगेच नाही. दीड वर्ष अजून केलं, मुलीची शेवटची फी भरून मग सोडलं. जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप अजून आहे. कुठे काही पेटलं की पहिला मेसेज शेअरचा असतो, ऑर्डर बुक भरलं, होल्ड करा. ती माणसं वाईट नाहीत हो, त्यातल्या एकाने माझ्या आईला रात्री दोनला रक्त दिलंय. २०२४ मधे जगाने शस्त्रांवर आणि सैन्यावर साधारण २.७ लाख कोटी डॉलर घातले, एका वर्षात नऊ टक्क्यांच्या वर वाढ, स्वीडनची एक संस्था हे मोजते. त्याच वर्षी श्रीमंत देशांची गरीब देशांना मदत सात टक्क्यांनी घसरली. ग्रुपवर पहिला आकडा आला होता, खाली अंगठे.

*

खार्किव, २४ फेब्रुवारी २०२२, पहाटे. एमबीबीएसचं चौथं वर्ष. मेट्रो स्टेशनात सहा दिवस. १ मार्चला आमच्यातलाच एक जण दुकानाच्या रांगेत उभा असताना गेला, ओळख नव्हती, लायब्ररीत बघितलेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा मेसेज, आत्ताच्या आत्ता शहर सोडा, गाडी मिळाली नाही तर पायी. शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत चालत गेलो बर्फातून. आमची घरमालकीण, सत्तरीची, रशियन बोलणारी, तिची बहीण सरहद्दीपलीकडे रशियात. बहिणीला फोन करून सांगायची की आमच्यावर बॉम्ब पडतायत, बहीण म्हणायची शक्यच नाही, टीव्हीवर तसं काही नाही. मला ते बॉम्बपेक्षा जास्त आठवतं. निघताना किल्ली तिच्याकडे दिली तर म्हणाली तुझ्याकडेच ठेव, परत आल्यावर लागेल.

शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. किल्ली ड्रॉवरमधे. त्या बिल्डिंगचे फोटो बघितलेत, त्यात आमचा मजला नाहीये.

*

कृत्रिम पाय बनवते. काही वर्षं काबूलमधे काम केलं. एकच सांगते कारण बाकी लिहायला बसले की होत नाही. मोठ्या माणसाला पाय तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो, वाढत्या मुलाला साधारण दर सहा महिन्यांनी. मूल वाढतं, पाय वाढत नाही. वर कापलेलं हाड आतून वाढत राहतं, कधी कधी कातडीतून टोचायला लागतं, मग परत ऑपरेशन. एक सुरुंग बनवायला तीन डॉलरपासून खर्च येतो असं सांगतात. अमेरिकेने लाओसवर टाकलेल्या क्लस्टर बॉम्बमधले (एका बॉम्बमधून शेकडो छोटे बॉम्ब पसरतात ते) कोट्यवधी गोळे १९७३ ला बॉम्बफेक थांबल्यानंतर पण न फुटता तसेच पडून राहिले, बॉलसारखे दिसतात म्हणून पोरं उचलतात.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, आठ वर्षांचा असल्यापासून. दर वेळी भिंतीवर पेन्सिलने उंचीची खूण करायचा, आणि वाढलेली दिसली की त्याचा चेहरा पडायचा. कारण उंची वाढली की जुना पाय सोडायचा, नवा पाय पहिले दोन आठवडे रक्त काढतो.

*

पहिला मोठा अनुभव लिहिणारा, तोच सेकंड इंजिनियर. सगळ्यांचं वाचलं. परवा जॉइनिंग आहे, रूट अजून कळलेला नाही. आई विचारते आहे की ॲपमधे ते पैसे भरून मिळतं ते व्हर्जन घेऊ का, त्यात ठिपका जास्त वेळ दिसतो म्हणे. घे म्हणालो.