मकाव १६२२: एका गोळ्यात डच पळाले?

प्रश्न: मुलीकडे हाँगकाँगला आलोय, काल मकाव पाहिलं. मोंते किल्ल्यावर गाईड म्हणाला, एका पाद्र्याच्या तोफेने डच हरले. थाप वाटते हो.

उत्तर १: काका, थाप नाही, पण अर्धीच गोष्ट. २४ जून १६२२ ला सुमारे ८०० डच पोर्तुगीजांच्या ताब्यातलं मकाव घ्यायला तिथल्या कासिल्याश किनाऱ्यावर उतरले. त्यांचा सेनापती उतरतानाच गोळी लागून जायबंदी. किल्ला तेव्हा अर्धवट बांधलेला. तिथून इटालियन जेझुइट (एका ख्रिस्ती धर्मसंघाचे) पाद्री जाकोमो रो (गणिती बरं का!) यांचा गोळा नेमका दारूच्या पिंपावर पडला. भडका उडाला, डच बिचकले. मग खाली उतरून त्यांना समुद्रात कुणी रेटलं? त्यात आफ्रिकी गुलाम आघाडीवर होते. काहींना मालकांनी त्यानंतर मुक्त केलं. गाईड लोक हे गाळतात, याचाच मला राग येतो.

उत्तर २: गोव्याचा संबंध राहिला. पुढच्याच वर्षी, १६२३ ला, गोव्याहून फ्रान्सिस्को मास्करेन्यश गव्हर्नर म्हणून गेला. डच पुन्हा आले तर म्हणून तटबंदीला जोर आला.

प्रश्नकर्ता: म्हणजे त्या गाईडला दिलेली टिप अगदीच वाया नाही!