रॅम टाकली म्हणून जुनं सॉफ्टवेअर पळत नसते भाऊ

जिनिंगवाला_हिंगणघाट: काल एकानं इथं लिहिलं, "जिनिंगवाल्यांचं बिलिंग अडकते कारण मालक कंजूस. १६ जीबी रॅम टाका." डोकंच फिरलं. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिटचं; असल्या प्रोग्रामले विंडोज मेमरीत २ जीबीच जागा देते. मशीनमध्ये ६४ जीबी टाका, त्याले दिसतच नाही. कापसाच्या पूर्ण हंगामाचा रिपोर्ट लावला की आकडा पावणेदोन जीबीच्या आसपास चढते अन् 'आउट ऑफ मेमरी'. बाकी रॅम रिकामी लोळत असते.

वर्धेकर: तो मीच. ६४ बिट विंडोजवर ४ जीबी मिळते की! प्रोग्रामच्या फाइलवर 'लार्ज ॲड्रेस अवेअर'ची, म्हणजे 'याले २ जीबीवरची जागाही चालते' अशी खूण मारा. झालं.

जिनिंगवाला_हिंगणघाट: झालं म्हणे! जुन्या कोडात मेमरीतला २ जीबीवरचा पत्ता ऋण आकडा धरला गेला तर प्रोग्राम मधातच झोपते. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, शेतकरी पावतीसाठी उभा. त्याले तू सांगशील?

डॉसवाला_दर्यापूर: २ जीबीले रडता राजेहो? आमचं सोसायटीचं सॉफ्टवेअर विंडोजच्या आधीच्या डॉसमधलं, ६४० केबीत संसार. ६४ बिट विंडोज असल्या १६ बिटवाल्याले दारातच उभं करत नाही. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या मशीनवर डॉसचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकलं, मस्त चालते. बोंब आहे प्रिंटरची. डॉसबॉक्स बनलं गेम खेळाले, छापाईचं त्याले काय!

पतसंस्थेतली: प्रिंटरचं नावच काढू नका. आमच्याकडे तीन प्रतींचा कार्बन कागद, ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्सच लागते. लेझरवर छापा म्हणणाऱ्यानं पासबुक घालून दाखवावं.

वर्धेकर: ताई, डॉसबॉक्सचाच भाऊ डॉसबॉक्स-एक्स घ्या, त्यात प्रिंटरची सोय आहे.

पतसंस्थेतली: घेतलं. छापते, पण एक ओळ खाली. रक्कम येते सहीच्या जागी. सेटिंग करून देता का येऊन?

डॉसवाला_दर्यापूर: पानाची लांबी पाहा ताई. अन् रिबन कुठून आणता? आमच्याकडं मिळतच नाही.

जिनिंगवाला_हिंगणघाट: अरे, धागा मेमरीचा आहे का रिबनचा?

वर्धेकर: बरं बाप्पा, रॅमचं वाक्य मागे घेतलं, पेढे वाटा. पण सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचं मूळ लिखाण, कोणाजवळ आहे ते सांगा. लिहिणारा फोन उचलते का? दुरुस्तच होत नाही ते सॉफ्टवेअर कायले कवटाळून बसता? नवीन करा.

जिनिंगवाला_हिंगणघाट: नवीनवाल्यानं दरवर्षीचं भाडं सांगितलं, अन् इंटरनेट गेलं की काटाही बंद. तूर्त रिपोर्ट महिन्या-महिन्याचा तोडून काढतो अन् एक्सेलात जोडतो. शेठले एकच कागद पाहिजे, म्हणून रोज शिव्या खातो.