निकेलवर मॅट टिन: प्रक्रियेच्या पेटंटची नोटीस आलीय, उत्तर काय द्यावं?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. भोसरीत प्लेटिंग युनिट आहे. पितळी कनेक्टर टर्मिनलवर निकेल १.३ मायक्रॉन, वर मॅट टिन (बिनचकाकीचा कथिलाचा थर) ८ मायक्रॉन, मग १५० अंशांवर तासभर बेकिंग (ओव्हनमधे तापवणं). एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आलीय: निकेल २ ते ३ मायक्रॉन, मॅट टिन आणि २४ तासांच्या आत बेकिंग, या प्रक्रियेचं भारतीय पेटंट त्यांचं आहे, काम थांबवा. आमचं निकेल २ च्या खाली आहे, एवढं उत्तर पुरेल ना?

उत्तर १:
नाही पुरणार. १.३ कुठे मोजलंत? टर्मिनलच्या टोकाला आणि कडांना करंट डेन्सिटी (दर क्षेत्रफळामागे वाहणारा विद्युतप्रवाह) जास्त असते, म्हणून थर जाड बसतो. मधे १.३ असलेलं निकेल तिथे सहज २ च्या वर जातं. समोरच्यांनी एक्सआरएफ (क्ष-किरणांनी थराची जाडी मोजणारं यंत्र) नेमकं कडेवर धरलं तर आकडा त्यांच्या बाजूने बोलेल. पेटंटच्या दाव्यात (हक्क कशावर आहे ते सांगणाऱ्या कलमात) सरासरी जाडी धरलीय की एखाद्या ठिकाणची, हे पेटंटच्या स्पेसिफिकेशनमधे (सविस्तर वर्णनात) शोधा. चालू लॉटचे नमुने सील करा आणि कड व मध्य दोन्हींचे क्रॉस-सेक्शन (आडवे छेद) काढून घ्या.

उत्तर २:
आधी पेटंट जिवंत आहे का ते पाहा. नूतनीकरण शुल्क न भरल्यानं ते संपलं असेल तर पुढच्या कामाला सध्या अडथळा नाही, पण ते मुदतीत पुन्हा जिवंत करता येतं आणि जिवंत असतानाच्या मालाचा वाद राहतो. पेटंट चालू असेल तर पेटंट कायद्याचं कलम १०४अ वाचा. आपली प्रक्रिया वेगळी आहे हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येऊ शकतो, पण आपोआप नाही. माल हुबेहूब तोच आहे हे त्यांनी आधी दाखवायचं. शिवाय वस्तू नवी हवी, किंवा तीच प्रक्रिया वापरल्याची दाट शक्यता हवी आणि रीतसर प्रयत्न करूनही प्रक्रिया कळली नाही असं हवं. निकेलवरचं टिन काही नवं नाही. मात्र बेकिंग किती तासांत झालं हे तयार मालावरून ठरवता येत नाही, तिथे तुमचं ओव्हनचं लॉगबुकच कामाला येईल. त्यात आता खाडाखोड नको.

उत्तर ३:
२४ तासांत १५० अंशांवर तासभर बेकिंग आणि टिनखाली निकेल, हे व्हिस्कर (टिनवर उगवणारे, शॉर्ट करू शकणारे केसासारखे धातूचे तंतू) रोखायचे दोन्ही उपाय जेडेक या इलेक्ट्रॉनिक्स मानक संस्थेच्या जेपी००२ या मार्गदर्शिकेत मार्च २००६ पासून छापील आहेत. पेटंटची प्राधान्य तारीख (शोध नवा आहे का हे ज्या तारखेवरून ठरतं ती) त्यानंतरची असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. मंजुरी प्रसिद्ध होऊन वर्ष झालं नसेल तर कलम २५(२) खाली विरोध, नाहीतर कलम ६४ खाली पेटंट रद्द करण्याची मागणी.

आणि मुळात बेकिंग हवंच कशाला? पितळातलं तांबं टिनमधे शिरतं, दोघांचं संयुग वाढतं, टिनवर दाब येतो आणि व्हिस्कर फुटतात. निकेल अखंड असेल तर ती वाटच बंद होते. ग्राहकाची लेखी मंजुरी आणि जेडेकच्या जेईएसडी२०१ या मानकाप्रमाणे व्हिस्करच्या चाचण्या घेऊन बेकिंग काढून टाका. दाव्यातला एक घटक गेला की पुढच्या मालाला तो शब्दशः लागू होत नाही. मागच्या मालाचा वाद मात्र राहील.