मानेच्या मणक्याला इजा, नऊ वर्षांच्या मुलाच्या हातासाठी स्टिम्युलेशन: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझा भाचा नऊ वर्षांचा. गेल्या मे महिन्यात आंब्याच्या झाडावरून पडला आणि मानेत मज्जारज्जूला मार बसला. सी-६, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीवर, अपूर्ण इजा (खालचे संदेश पूर्ण तुटलेले नाहीत). सध्या सगळी धडपड हातांसाठी चाललीय. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, त्या जोरावर पठ्ठ्या कॅरमची सोंगटी उचलतो. शर्टाचं बटण मात्र लागत नाही, आणि आईने लावलेलं त्याला चालत नाही!

मानेवर त्वचेवरूनच इलेक्ट्रोड लावून मज्जारज्जूला करंट द्यायचा आणि त्याच वेळी हाताचे व्यायाम करून घ्यायचे, अशा उपचाराबद्दल वाचलं. ऑपरेशन नाही. अमेरिकेत एफडीएने (औषधं-यंत्रांना मान्यता देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये याच उपचाराच्या आर्क-ईएक्स या यंत्राला मान्यता दिली. पण त्याच्या चाचणीत ज्या ६० जणांचे निकाल आले ते सगळे प्रौढ, आणि मान्यताही प्रौढांसाठीच. लहान मुलांचं काय? इथल्या एका क्लिनिकने तर दुखणं कमी करायला वापरतात ते टेन्सचं मशीन पुढे केलं, "तेच हो हे!" म्हणाले. मी उठून आले.

मुलांवर हे प्रत्यक्ष करणारं कुणी माहितीत आहे का? मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत लहान मुलाला दाखवलेल्यांचा अनुभव कसा आहे? कोवळ्या त्वचेला चट्टे पडतात का? आणि तोवर घरी ऑक्युपेशनल थेरपीत (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून करून घेतात तो सराव) पकडीसाठी नेमकं काय करून घेता, तेही सांगा. आम्ही साताऱ्याचे, पुण्या-मुंबईला यायची तयारी आहे.