मदत हवी आहे : हिमवादळानंतर छताच्या कडेला बर्फाचा बांध, आत गळती

हिमवादळ ओसरले असले तरी उतरत्या छताच्या खालच्या कडेला बर्फाचा जाड बांध तयार झाला आहे आणि वर वितळलेले पाणी त्यामागे अडून कौलांखालून माळ्यात झिरपत आहे. जमिनीवरूनच लांब दांड्याच्या दंताळ्याने सैल बर्फ ओढून काढला. बांध मात्र हलत नाही, आणि तो ठोकून फोडल्यास कौले फुटतील. निसरड्या छतावर चढणे शक्य नाही. माळ्याचा वीजपुरवठा बंद करून विम्यासाठी छायाचित्रे काढली आहेत. बर्फ वितळवायला साधे मीठ उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली फारसे उपयोगी पडत नाही, शिवाय त्याने पत्र्याची पन्हळ गंजेल. त्यामुळे कॅल्शियम क्लोराईड (बर्फ वितळवणारा दुसरा क्षार) भरलेले लांब मोजे बांधावर उताराच्या दिशेने ठेवून पाण्याला वाट करून देण्याचा विचार आहे. हा उपाय कोणी केला आहे का, आणि त्याने कौलांना किंवा पन्हळीला इजा झाली का?